क्लाउडची आकृती: चौकट कुठे, बाण कुणीकडे

क्लाउडच्या आर्किटेक्चर डायग्राममध्ये एक चूक हमखास सापडते. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडमधली फाइल साठवण्याची सेवा म्हणजे एस३. तिची बकेट (फाइलींचा डबा) खासगी सबनेटच्या, म्हणजे नेटवर्कच्या बाहेरून बंद तुकड्याच्या, चौकटीत, डेटाबेसच्या शेजारी काढलेली असते. दिसायला ते नीटनेटकं दिसतं, डेटा 'आत' आहे असं वाटतं. प्रत्यक्षात एस३ कुठल्याच सबनेटमध्ये नसतं, आपल्या व्हीपीसीमध्येही, म्हणजे क्लाउडमधल्या आपल्या खासगी नेटवर्कमध्येही, नसतं. ती रीजनच्या, म्हणजे क्लाउडच्या एका भौगोलिक विभागाच्या, पातळीवरची सेवा आहे. खासगी सबनेटमधल्या सर्व्हरला तिथे पोचायचं तर नॅट गेटवेतून (खासगी सर्व्हरना इंटरनेटकडे नेणाऱ्या दारातून) बाहेर पडावं लागतं, नाहीतर व्हीपीसी एंडपॉइंट (सेवेपर्यंतची आतली खासगी वाट) लावावा लागतो. बकेट आत काढली की हा रस्ताच चित्रातून गायब होतो. मग 'सर्व्हरला फाइल का वाचता येत नाही' किंवा 'नॅट गेटवेचं बिल इतकं का आलं' या प्रश्नांना ते चित्र काहीच उत्तर देत नाही.

अशा आकृतीतली प्रत्येक चौकट आणि प्रत्येक बाण म्हणजे एक विधान असतं. एखादी गोष्ट चौकटीच्या आत काढली की आपण म्हणतो, 'ही त्याच्या आत आहे'. बाण काढला की म्हणतो, 'हा त्याच्याशी जोडणी उघडतो'. दोन्ही विधानं खरी की खोटी हे कन्सोलमध्ये किंवा कोडमध्ये जाऊन तपासता येतं. जे तपासता येत नाही ते चित्रात कशाला हवं? ढगाचा गोंडस आकार, मध्ये कुठेतरी ठेवलेलं कुलूप, 'सिक्युरिटी' असं लिहिलेली आडवी पट्टी, हे सगळं सजावटीत जमा.

आधी प्रश्न, मग चित्र

घर बांधताना गवंड्याचा नकाशा वेगळा, वायरमनचा वेगळा आणि नळवाल्याचा वेगळा असतो. क्लाउडच्या बाबतीत मात्र सगळं एकाच कागदावर कोंबायचा मोह होतो: नेटवर्क, डेटाचा प्रवास, डिप्लॉयमेंटची पाइपलाइन, मॉनिटरिंग, परवानग्या. असं चित्र भिंतीवर छान दिसतं आणि कुणालाच उपयोगी पडत नाही.

बहुतेक टीमना तीन वेगळ्या आकृत्या पुरतात. पहिलीत सिस्टीमचे भाग कोणते आणि कोण कुणाशी बोलतं एवढंच असतं. तिथे सबनेट, आयपी काहीही नको. दुसरी डिप्लॉयमेंटची: तेच भाग नेमके कुठे बसलेत, कोणत्या रीजनमध्ये, कोणत्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रीजनमधल्या स्वतंत्र डेटासेंटरच्या गटात), कोणत्या सबनेटमध्ये. तिसरी एकाच विनंतीचा प्रवास दाखवते, आणि त्यासाठी उभ्या रेघांची सीक्वेन्स डायग्राम सर्वांत सोयीची. पहिल्या प्रकाराला शिस्त हवी असेल तर सायमन ब्राऊन यांचं सी४ मॉडेल बघावं. त्यात संदर्भ, कंटेनर, कंपोनंट आणि कोड अशा चार पातळ्या आहेत. त्यातला कंटेनर हा डॉकरचा कंटेनर नाही. स्वतंत्रपणे चालणारं कुठलंही ॲप्लिकेशन किंवा डेटासाठा त्यात मोडतो. चारही पातळ्या काढायची गरज क्वचितच पडते, वरच्या दोन बास होतात.

प्रश्न एका ओळीत लिहून तो आकृतीचं शीर्षक म्हणूनच वापरावा. 'सिस्टीम आर्किटेक्चर' या शीर्षकातून काहीच कळत नाही. 'प्रॉडक्शन: वापरकर्त्याची विनंती डेटाबेसपर्यंत कुठल्या नेटवर्कमधून जाते' असं लिहिलं की काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे आपोआप ठरतं.

सर्वांत जास्त चुका दुसऱ्या प्रकारात होतात, म्हणून त्याच्याकडेच नीट बघू.

चौकटी: बाहेरून आत

उदाहरणाला एक साधं वेब ॲप्लिकेशन घेऊ. लोक लॉगइन करतात, ऑर्डर नोंदवतात, कागदपत्रांच्या फाइल चढवतात. त्या फाइलवर मागाहून प्रक्रिया होते. हे सगळं एडब्ल्यूएसवर आहे असं धरू.

सर्वांत बाहेर वापरकर्ता आणि आपल्या हाताबाहेरच्या सेवा: पेमेंट गेटवे, ईमेल पाठवणारी कंपनी. त्यांना चौकट नाही. मग अकाउंटची चौकट. ती बरेचजण गाळतात, पण प्रॉडक्शन आणि चाचणीचं अकाउंट वेगळं असेल तर ती सीमा खरी आहे. एका अकाउंटमधून दुसऱ्यात जायला परवानगी मुद्दाम द्यावी लागते, म्हणून ती दिसली पाहिजे.

अकाउंटच्या आत रीजन. पण सगळंच रीजनच्या आत जात नाही. रूट ५३ हे डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारं), क्लाउडफ्रंट हे सीडीएन (मजकूर वापरकर्त्याजवळून पोचवणारं) आणि आयएएम (परवानग्या सांभाळणारं) या जागतिक सेवा आहेत. त्या अकाउंटच्या आत पण रीजनच्या बाहेर काढायच्या. हा फरक कामाचा आहे. क्लाउडफ्रंटला लागणारं एसीएम सर्टिफिकेट (एडब्ल्यूएसच्या सर्टिफिकेट मॅनेजरमधलं, एचटीटीपीएससाठीचं) बाकी सिस्टीम कुठल्याही रीजनमध्ये असली तरी यूएस-ईस्ट-१ या रीजनमध्येच असावं लागतं, आणि सीडीएन रीजनच्या पोटात काढणाऱ्याला ते डिप्लॉयमेंटच्या दिवशी कळतं.

रीजनमध्ये व्हीपीसी. चौकटीच्या कोपऱ्यात तिची आयपी रेंज लिहावी, समजा १०.०.०.०/१६, म्हणजे ६५,५३६ पत्ते. ही संख्या शोभेची नाही. उद्या दुसरी व्हीपीसी जोडायची वेळ आली आणि तिचीही रेंज हीच निघाली, तर पीअरिंग (दोन व्हीपीसींची थेट जोडणी) होतच नाही. दोन आकृत्या शेजारी ठेवल्यावर ही टक्कर एका नजरेत दिसली पाहिजे.

आता व्हीपीसीच्या आत जाळी आखायची. अव्हेलेबिलिटी झोन उभ्या स्तंभात, तुटक रेघेने. सबनेट आडव्या ओळींत. एडब्ल्यूएसमध्ये एक सबनेट पूर्णपणे एकाच झोनमध्ये असतं, त्यामुळे दोन झोन आणि तीन थर म्हटले की सहा सबनेट होतात:

वरची ओळ, पब्लिक: १०.०.०.०/२४ आणि १०.०.१.०/२४
मधली ओळ, ॲप्लिकेशन: १०.०.१६.०/२० आणि १०.०.३२.०/२०
खालची ओळ, डेटा: १०.०.२.०/२४ आणि १०.०.३.०/२४

एडब्ल्यूएस प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते स्वतःकडे राखून ठेवतं. म्हणून /२४ मध्ये २५६ ऐवजी २५१ हाती येतात, /२० मध्ये ४,०९१. मधली ओळ मुद्दाम मोठी ठेवली आहे. तिथे पुढे-मागे कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी व्यवस्था) आलं तर ईकेएसच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या कुबरनेटीस सेवेच्या, नेहमीच्या मांडणीत प्रत्येक पॉडला (कंटेनरच्या लहानशा गटाला) व्हीपीसीतलाच पत्ता मिळतो, आणि /२४ चं सबनेट बघता बघता संपतं. सबनेट नंतर मोठं करता येत नाही. नवीन काढून सामान हलवावं लागतं.

'पब्लिक' हा शब्द चौकटीवर लिहिला म्हणून सबनेट पब्लिक होत नाही. त्याच्या रूट टेबलमध्ये (कुठल्या पत्त्याचं ट्रॅफिक कुठे जातं त्या यादीत) ०.०.०.०/० ची, म्हणजे बाकी सगळ्या पत्त्यांची, वाट इंटरनेट गेटवेकडे जाते म्हणून ते पब्लिक ठरतं. तेव्हा ओळीच्या कडेला बारीक अक्षरात ती वाट लिहावी: पब्लिक ओळीला '०.०.०.०/० → इंटरनेट गेटवे', ॲप्लिकेशनच्या ओळीला '०.०.०.०/० → त्याच झोनचं नॅट', डेटाच्या ओळीला 'फक्त अंतर्गत'. या तीन ओळींनी जितकं कळतं तितकं हिरव्या-निळ्या रंगांनी कळत नाही.

इंटरनेट गेटवे व्हीपीसीच्या कडेवर बसतो, रेघेवरच. तो कुठल्याही सबनेटमध्ये नसतो. झोननिहाय लावलेला नॅट गेटवे मात्र पब्लिक सबनेटमध्ये असतो. तो खासगी सर्व्हरसाठी असल्यामुळे खासगी सबनेटमध्ये काढायचा मोह होतो, आणि कोणी चित्र बघून तसाच उभा केला तर सर्व्हर बाहेर पोचत नाहीत, कारण नॅटला स्वतःलाच बाहेरची वाट राहत नाही.

लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणारा) एकाच झोनमध्ये एक आयकॉन म्हणून काढू नये. ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरला किमान दोन झोनमधली सबनेट द्यावीच लागतात. तो दोन्ही पब्लिक सबनेटवर पसरलेली एक लांबट चौकट म्हणून काढावा. ऑटो स्केलिंग ग्रुपचंही (गरजेप्रमाणे कमीजास्त होणाऱ्या सर्व्हरांच्या गटाचंही) तसंच: दोन्ही झोनमधून जाणारी एक तुटक चौकट, आत प्रत्येक झोनमध्ये एक सर्व्हर, आणि कडेला 'किमान २, कमाल ६'. दहा सर्व्हरचे दहा आयकॉन काढून काही मिळत नाही.

डेटाबेसचा तो एक बाण

याच चित्रातला एक कोपरा जवळून बघण्यासारखा आहे. डेटाच्या ओळीत पहिल्या झोनमध्ये आरडीएसचा (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेचा) प्रायमरी म्हणजे मुख्य पोस्टग्रेस डेटाबेस आणि दुसऱ्यात त्याचा स्टँडबाय, म्हणजे राखीव जोडीदार. चित्र सममित दिसावं म्हणून पुष्कळजण पहिल्या झोनच्या ॲप सर्व्हरमधून खाली प्रायमरीकडे आणि दुसऱ्या झोनच्या सर्व्हरमधून खाली स्टँडबायकडे असे दोन सुबक सरळ बाण काढतात.

दुसरा बाण खोटा आहे. एकच स्टँडबाय असलेल्या मल्टी-एझेड (अनेक झोनमधल्या) मांडणीत तो स्टँडबाय वाचायलाही उघडा नसतो. दोन्ही झोनचे सर्व्हर एकाच डीएनएस नावाकडे जातात आणि ते नाव प्रायमरीकडे बोट दाखवतं. म्हणून दुसऱ्या झोनमधला बाण तिरका, झोनची रेघ ओलांडून पहिल्या झोनमध्ये गेला पाहिजे. चित्र थोडं कुरूप होतं, होऊ द्यावं. त्या तिरक्या बाणातून कळतं की दुसऱ्या झोनमधली प्रत्येक क्वेरी झोन ओलांडते, म्हणजे किंचित उशीर आलाच. झोनपार डेटाला बहुतेक ठिकाणी पैसेही पडतात.

प्रायमरी आणि स्टँडबाय यांच्यामधला बाण वेगळा: 'सिंक्रोनस रेप्लिकेशन', म्हणजे दोन्हीकडे लिहून झाल्यावरच पुढे. पुढे एखादी रीड रेप्लिका (फक्त वाचण्यासाठीची प्रत) जोडली तर तिच्याकडे जाणारा बाण 'असिंक्रोनस'. या एका शब्दावर मोठा फरक पडतो: रेप्लिकेवर नुकतीच नोंदवलेली ऑर्डर काही क्षण दिसणार नाही, स्टँडबाय मात्र प्रायमरी पडल्यावर डेटा न गमावता जागा घेईल. फेलओव्हरला, म्हणजे स्टँडबायने जागा घ्यायला, साधारण ६० ते १२० सेकंद लागतात. तेही त्या डीएनएस नावाजवळ लिहून ठेवावं, कारण जुना पत्ता धरून बसणारं ॲप्लिकेशन त्यापुढेही अडकून राहतं.

बाण कुणीकडे

चौकटींपेक्षा बाणांवर जास्त घोळ होतो, कारण बाणाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. काहीजण डेटा जिकडे वाहतो तिकडे टोक काढतात, काहीजण जो जोडणी सुरू करतो त्याच्याकडून समोरच्याकडे. दोन्ही चालतात, पण एकाच चित्रात दोन्ही मिसळले की वाचणाऱ्याची दिशाभूल ठरलेली. डिप्लॉयमेंटच्या आकृतीत दुसरा अर्थ घ्यावा, म्हणजे बाणाची शेपटी नेहमी जोडणी उघडणाऱ्याकडे. कारण फायरवॉलचे नियम याच दिशेने लिहिले जातात. सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरभोवतीचा फायरवॉल) स्टेटफुल असतो, म्हणजे उघडलेली जोडणी लक्षात ठेवतो. जाणारी जोडणी मान्य झाली की उत्तर आपोआप परत येतं, त्यामुळे एक बाण म्हणजे एक नियम. नेटवर्क एसीएल (सबनेटच्या वेशीवरची नियमांची यादी) तसा नाही. तो परतीची वाट वेगळी मागतो आणि ती १०२४ ते ६५५३५ या पोर्टांवर उघडावी लागते. नेटवर्क एसीएल वापरत असाल तर आकृतीत तशी टीप टाका, नाहीतर 'नियम तर बरोबर आहे, मग उत्तर का येत नाही' यात अर्धा दिवस जातो.

क्यूच्या (कामांच्या रांगेच्या) बाबतीत ही दिशा हटकून चुकते. फाइल आली की एसक्यूएसच्या (एडब्ल्यूएसच्या रांग-सेवेच्या) क्यूमध्ये संदेश पडतो आणि वर्कर (मागे काम उरकणारा प्रोग्राम) त्यावर काम करतो. डेटा क्यूकडून वर्करकडे येतो खरा, पण क्यू वर्करला हाक मारत नाही. वर्करच दर थोड्या वेळाने जाऊन विचारतो. म्हणून बाण वर्करकडून क्यूकडे. तो उलटा काढला तर कोणीतरी वर्करच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये आत येणारा नियम उघडतो. तो कुणालाच लागत नसतो, पण उघडा राहतो. एसएनएस (सूचना पाठवणारी सेवा) मात्र संदेश खरोखर बाहेर ढकलतं, तिथे बाण त्याच्याकडून निघतो. प्रोमेथियसचं मॉनिटरिंग वर्करसारखंच: तोच प्रत्येक सर्व्हरकडे जाऊन आकडे उचलतो.

फाइल चढवण्याचा बाणही असाच फसवा. प्री-साइन्ड यूआरएल (आधीच सही करून दिलेला पत्ता) वापरत असाल तर फाइल ॲप सर्व्हरमधून जातच नाही. ब्राउझर ती थेट एस३ला देतो. म्हणून जाड बाण वापरकर्त्याकडून थेट बकेटकडे. सर्व्हर फक्त सही केलेला पत्ता तयार करून देतो, आणि ती सही तो स्वतःजवळच्या किल्लीने जागच्या जागी करतो, त्यासाठी एस३कडे जात नाही. म्हणजे या कामापुरता सर्व्हर ते एस३ असा बाण नाहीच. मात्र ज्या ओळखीने सही केली तिला बकेटमध्ये लिहायची परवानगी लागते. ती नसेल तर यूआरएल व्यवस्थित बनतो, चूक झाल्याचा संदेश कुठेच दिसत नाही, आणि ब्राउझरला ४०३ ('परवानगी नाही') मिळतो. थेट बाण काढलेला असला की दुसरी गोष्टही लगेच आठवते: ब्राउझर परक्या पत्त्यावर लिहितोय, म्हणजे बकेटवर कॉर्सची (दुसऱ्या साइटच्या पानावरून येणाऱ्या विनंत्यांना मुभा देण्याची) मांडणी हवी.

दुहेरी टोकांचे बाण टाळा. त्यातून 'यांचं काहीतरी नातं आहे' एवढंच कळतं. दोन्ही बाजू खरोखरच जोडणी उघडत असतील तर दोन वेगळे बाण काढा, दोघांवर वेगळी नावं घाला.

नाव म्हणजे काय? प्रोटोकॉल, पोर्ट आणि काम. 'टीएलएस ५४३२, ऑर्डर वाचणं-लिहिणं'. 'एचटीटीपीएस ४४३, पेमेंटची विनंती'. नुसतं 'डेटा' किंवा 'वापरतो' लिहिण्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं. उत्तराची वाट बघत थांबणारी हाक सलग रेघेने, टाकून पुढे जाणारी तुटक रेघेने, आणि कोपऱ्यात सूची. सूची नसेल तर तुटक रेघेचा अर्थ 'असिंक्रोनस', 'अजून बांधायचंय' किंवा 'ऐच्छिक' यांपैकी काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

काही बाणांवर वेळही लिहावी. एसक्यूएसमध्ये संदेश उचलल्यावर तो इतरांना ठरावीक काळ दिसत नाही; मूळ मांडणीत हा काळ ३० सेकंद असतो. वर्करला एका फाइलसाठी ४५ सेकंद लागत असतील तर काम चालू असतानाच संदेश पुन्हा वर येतो, दुसरा वर्कर तो उचलतो, आणि एकाच फाइलवर दोनदा प्रक्रिया होते. क्यूच्या शेजारी 'अदृश्य काळ १८० सेकंद, ५ प्रयत्नांनंतर डेड लेटर क्यू' आणि वर्करच्या शेजारी 'कमाल ४५ सेकंद' लिहिलेलं असेल तर दोन आकडे एकमेकांना पुरतात की नाही हे चित्रावरच तपासता येतं. डेड लेटर क्यू, म्हणजे वारंवार फसलेले संदेश बाजूला ठेवणारी रांग, काढायला लाजू नये. ती चित्रात नसते तेव्हा बहुधा खऱ्या सिस्टीममध्येही तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

दुसऱ्या क्लाउडवर जाळी बदलते

एडब्ल्यूएसची सवय घेऊन गुगल क्लाउडची आकृती काढली की पहिल्या दोन चौकटींतच चूक होते. गुगलमध्ये व्हीपीसी जागतिक असते आणि सबनेट रीजनचं. म्हणजे व्हीपीसीची चौकट बाहेर आणि रीजन तिच्या आत. झोन सबनेटच्या आत येतो, कारण एकच सबनेट रीजनमधल्या सगळ्या झोनना पुरतं. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमध्ये व्हीनेट (तिथलं खासगी नेटवर्क) रीजनपुरतं असतं, पण सबनेट तिथेही झोनमध्ये बांधलेलं नसतं. झोन ठरतो तो प्रत्येक मशीनपुरता. तिथे सहा सबनेटची जाळी आखायची गरज नाही. तीन थरांची तीन सबनेट आणि त्यांच्या आत झोनच्या खुणा पुरतात.

ॲझ्युअरचा रिसोर्स ग्रुप हा आणखी एक सापळा. तो कारभाराच्या सोयीचा गठ्ठा आहे, नेटवर्कची भिंत नाही. नेटवर्कच्या चौकटींमध्ये त्याची चौकट घुसवली की दोन वेगळ्या विभागण्या एकमेकींना कापत जातात. कुबरनेटीसच्या नेमस्पेसचंही (नावांनी पाडलेल्या विभागाचंही) हेच. नेटवर्क पॉलिसी (कुठल्या पॉडने कुणाशी बोलायचं याचे नियम) लावलेली नसेल तर एका नेमस्पेसमधला पॉड दुसऱ्यातल्या पॉडशी खुशाल बोलतो. नेमस्पेसभोवती जाड रेघ काढून वेगळेपणा सुचवायचा असेल तर ती पॉलिसी खरोखर लागू आहे का ते आधी बघावं.

स्तंभावर हात ठेवून बघा

जाळी नीट काढलेली असली की एक सोपी परीक्षा घेता येते. एका झोनचा स्तंभ हाताने झाका आणि उरलेल्या चित्रात विनंती शेवटपर्यंत पोचते का ते बोटाने फिरून बघा. पैसे वाचवायला नॅट गेटवे एकाच झोनमध्ये ठेवला असेल तर तो स्तंभ झाकताच दुसऱ्या झोनच्या सर्व्हरचा पेमेंट गेटवेकडे जाणारा रस्ता तुटतो. तशी निवड करायला हरकत नाही, पण ती जाणूनबुजून केलेली असावी. एकुलता एक रेडिस (मेमरीतला डेटासाठा) असाच सापडतो. तीन नोडच्या बहुमतावर चालणारी सिस्टीम दोनच झोनमध्ये पसरली असेल तर कुठल्यातरी एका झोनमध्ये दोन नोड असणार, आणि तो झोन गेला की बहुमतही जाणार. तिसरा झोन का लागतो ते इथे डोळ्यांनी दिसतं.

एकामागे एक असलेल्या भागांचा हिशेबही याच चित्रावर होतो. विनंती तीन सेवांमधून जात असेल, तिन्ही सेवा प्रत्येकी ९९.९ टक्के वेळ चालू असतील आणि एकमेकींवर अवलंबून न राहता बंद पडत असतील, तर एकूण साधारण ९९.७ टक्के. तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटांची बंदी जवळजवळ १३० मिनिटांवर जाते. क्यू टाकून एखादा दुवा तुटक केला की तो या साखळीतून बाहेर पडतो.

आयकॉन, रंग, साधनं

आयकॉन त्या त्या क्लाउड कंपनीच्या अधिकृत संचातूनच घ्यावेत, फिरवू-ताणू नयेत. पण निव्वळ आयकॉनवर विसंबून राहणं चूक. निळा चौकोन डेटाबेसचा की क्यूचा हे सगळ्यांना पाठ नसतं. खाली दोन गोष्टी लिहा, सेवा आणि तिचं काम: 'आरडीएस पोस्टग्रेस, ऑर्डरचा डेटा'. अर्थ फक्त रंगातून देऊ नका. लाल आणि हिरवा वेगळा न दिसणारे वाचक असतात, शिवाय कृष्णधवल छापल्यावर दोन्ही राखाडीच.

साधनांवर वाद घालण्यात फार अर्थ नाही, तरी एक-दोन गोष्टी माहीत असाव्यात. ड्रॉ डॉट आयओमध्ये फाइल 'डॉट ड्रॉआयओ डॉट एसव्हीजी' अशी ठेवली तर तीच फाइल पानावर चित्र म्हणून दिसते आणि उघडून बदलताही येते. मूळ फाइल हरवून नुसतं चित्र उरण्याची भानगड राहत नाही. मर्मेड मजकुरातून आकृती बनवतं आणि गिटहब २०२२ पासून ती थेट दाखवतं. बदल ओळीओळीने तपासता येतात हा मोठा फायदा. तोटा असा की कोण कुठे बसेल यावर ताबा कमी, त्यामुळे झोन आणि सबनेटची जाळी त्यात नीट बसत नाही. भाग आणि त्यांचे संबंध दाखवणाऱ्या पहिल्या प्रकाराला आणि सीक्वेन्स डायग्रामला मर्मेड उत्तम, जाळीला ड्रॉ डॉट आयओ. पायथनची डायग्राम्स लायब्ररी अधिकृत आयकॉन देते, पण मांडणी ग्राफविझ करतं; एक भाग वाढवला की कधी कधी सगळं चित्र इकडचं तिकडे होतं.

टेराफॉर्मची (कोडमधून क्लाउड उभारणाऱ्या साधनाची) ग्राफ आज्ञा चालवून आर्किटेक्चरची आकृती मिळाली असं समजू नये. त्यातला बाण 'हे तयार व्हायला आधी ते लागतं' एवढंच सांगतो. त्यावर ट्रॅफिक वाहत नाही, आणि थोड्या मोठ्या प्रकल्पात शेकडो ठिपक्यांचं जाळं हाती येतं.

आकृती कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवावी आणि सबनेट, क्यू किंवा नियम बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच (कोडमधल्या बदलाच्या प्रस्तावातच) तिचाही बदल मागावा. कोपऱ्यात एन्व्हायर्नमेंटचं नाव, तारीख आणि जबाबदार टीम लिहावी. जे अजून बांधलेलं नाही ते त्याच चित्रात फिकट रंगात काढू नये. 'आज' आणि 'पुढे' या दोन फाइल कराव्यात. बाहेरच्यांना देण्याच्या प्रतीतून अकाउंट क्रमांक, अंतर्गत आयपी आणि सीक्रेटची नावं काढून टाकावीत.

खरं की खोटं

शेवटी तपासणी. प्रत्येक सबनेटचं रूट टेबल उघडून कडेला लिहिलेल्या वाटेशी ताडून बघा. प्रत्येक बाणासाठी सिक्युरिटी ग्रुपमध्ये नेमका नियम सापडतो का बघा. शंका असेल तिथे एडब्ल्यूएसचं रीचेबिलिटी ॲनलायझर दोन टोकांमधली वाट उघडी आहे की नाही आणि बंद असेल तर कुठे अडते ते सांगतं. मग उलट्या बाजूने: व्हीपीसी फ्लो लॉग काही दिवस चालू ठेवून कोण कुणाशी, कोणत्या पोर्टवर बोललं याची यादी काढा आणि चित्राशी ताडा. लॉगमध्ये मान्य झालेली पण चित्रात नसलेली जोडणी सापडली तर दोन शक्यता. ती गरजेची असेल तर बाण राहून गेलाय, तो काढा. ती कुणाला नकोच असेल तर नियम गरजेपेक्षा सैल आहे. तिथे आकृती न बदलता तो नियमच बंद करायचा.